बोहारणीला न दिलेल्या कपड्यांचा ब्रह्मगिरी

नाशिकला पंचवटीत राहायचो तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी बोहारीण यायची. ओट्यावर बसून एकेक कपडा झटकून बघायची. "ताई, अजून एखादी पँट टाका की" असं करत करत शेवटी एक पातेलं हाती पडायचं आणि कपाटात जागा व्हायची. आता इंदिरानगरच्या सोसायटीत वॉचमन तिला आत सोडत नाही, आणि जुन्या कपड्यांचं बोचकं पलंगाखाली वाढत जातं. सुती साड्यांच्या सासूबाईंनी गोधड्या केल्या. टी-शर्टांना मात्र त्या हात लावेनात. "हे ताणतं गं, याची गोधडी सरळ बसत नाही." बरोबर होतं त्यांचं. पण ताणणारं आणि कडेने न उसवणारं कापड चिंध्यांच्या गालिच्याला सगळ्यात सोयीचं, हे मला पुढे कळलं.

माझा पहिला गालिचा वाटीसारखा वर आला. दुसऱ्याने पांढऱ्या फरशीवर काळा डाग पाडला, तो अजून आहे. तिसरा बरा झाला. तुम्ही थेट तिसऱ्यापासून सुरुवात करावी म्हणून हे लिहिते आहे.

चिंध्यांचे गालिचे करायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. पट्ट्यांची वेणी घालून ती गोल गोल शिवत जायची, ही सगळ्यात सोपी. मागावर विणायची दुसरी. मी सांगते आहे ती तिसरी: तरट ताणून बसवायचं आणि आकड्याने खालून पट्टीचे छोटे छोटे लूप वर ओढत चित्र भरायचं. चित्र काढायचं असेल तर हीच तऱ्हा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर ती घरोघरी पसरली, कारण धान्या-सामानाची तागाची पोती तिथे फुकटात मिळू लागली. तो ताग आपल्या बंगालातला. म्हणजे त्यांच्या गालिच्याखालचं तरट मुळात इकडून गेलेलं. पुढे आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर इंग्रज मिशनरी डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये पोहोचले. त्यांच्या मिशनसाठी तिथल्या बायका वापरलेल्या रेशमी मोज्यांच्या चिंध्यांतून गालिचे करायच्या. त्यावर पांढरी अस्वलं, उडणारे हंस, बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्या असायच्या. दाराबाहेर जे दिसतं तेच तरटावर. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे, फक्त आपल्या दाराबाहेर अस्वल नाही, डोंगर आहे.

१. आधी हे जमवा

- तरट, साधारण ६० × ७५ सेंमी
- लाकडी चौकट. जुन्या मोठ्या फोटोची काच काढलेली फ्रेम चालते
- थंबटॅक, तीस-चाळीस
- जाड क्रोशाची सुई, ४ ते ५ मिमी, शक्यतो लाकडी मुठीची
- धारदार कात्री, आणि टोकं छाटायला एक छोटी
- पक्क्या शाईचा मार्कर
- कडेसाठी जुन्या साडीचा काठ, सुमारे अडीच मीटर
- जाड दोरा, हातशिलाईची मोठी सुई
- चिंध्या, अर्थातच

तरटाबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण मी फसले ती इथेच. आपल्याकडे पोतं म्हटलं की कांद्याचं. ते उचलून आणलं तर काम झालंच म्हणून समजा. कांद्याला हवा लागावी म्हणून ती गोणी मुद्दाम झिरझिरीत विणलेली असते. तिच्यात लूप धरतच नाही. उलट रेशनच्या गव्हाचं पोतं इतकं घट्ट की सुई घालताना मनगट दुखतं. मधलं हवं. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "बांधकामावर कॉलमला गुंडाळतात ते तरट" असं म्हणा, दुकानदार बरोबर काढून देतो. कोरं घ्या. वापरलेलं घेतलंच तर घडी घालून झटका देऊन बघा. धागे कटकट तुटले तर ते पाण्याने कुजलेलं आहे, महिना-दीड महिन्याची मेहनत त्यावर घालू नका. नव्या तरटाला रॉकेलसारखा वास येतो, कारण ताग कातताना त्याला तेल लावतात. एक दिवस उन्हात टाका. धुऊ नका, त्याची वीण विसकटते.

२. कापड निवडा आणि थोडं जाळून बघा

सुती होजिअरी, म्हणजे टी-शर्ट आणि बनियन, शिवाय जुन्या चादरी, सुती साड्या, कॉटनचे कुर्ते घ्या. पॉलिस्टर, सिल्क, लेगिंग्ज बाजूला ठेवा. पॉलिस्टर निसटतं आणि लेगिंग्जची पट्टी ओढताना लांबते, मग आत आखडते.

लेबल कधीच फाटलेलं असतं, म्हणून बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळा. जळालेल्या कागदाचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली तर सुती. वितळून टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला तर कृत्रिम. दोन्ही झालं तर मिश्र. ते चालतं, पण रंगवायला उपयोगाचं नाही.

किती कापड लागेल हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. चित्राच्या क्षेत्रफळाच्या चार ते पाच पट धरा. हिशेब करायचा कंटाळा असेल तर सोपी युक्ती: त्या रंगाचं कापड पाच पदरी घडी करून चित्रातल्या त्या भागावर ठेवा. भाग झाकला गेला तर पुरेल. आभाळाला नेहमी कमी पडतं, तिथे हात सैल ठेवा.

घरचं पुरलं नाही तर गल्लीतल्या शिंप्याकडे कातरणीची पिशवी मागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीन पुसायला बनियनच्या कापडाचे तुकडे किलोवर जातात, तेही ओळखीने मिळतात. फक्त कोरे घ्या, तेलाने माखलेले नकोत.

३. रंग सुटतो का बघा, आणि हवा तो रंग घरीच करा

प्रत्येक गडद कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून चोळा. रुमाल रंगला तर ते कापड दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, आणि तरीही सुटलं तर सरळ टाकून द्या. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं मलाही सांगितलं होतं. माझ्या फरशीवरचा डाग त्याच सल्ल्याचा. एकदा रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

आता मजेचा भाग. डोंगराला जे पिवळट, मातकट, गवती रंग लागतात ते टी-शर्टांत सहसा नसतात. आपल्या जिल्ह्यात ते फुकट मिळतात: कांद्याची सालं. भाजीवाल्याकडे पिशवी मागितली तर तो वर तुम्हालाच विचारतो, "काय करता ताई याचं?" १०० ग्रॅम सालांनी मोठी पिशवी भरते, तेव्हा आठवडाभर जमवा.

२०० ग्रॅम पांढऱ्या सुती कापडासाठी माझं प्रमाण असं. कापड आधी साबणाच्या पाण्यात उकळून खळ काढा. ४० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो. सकाळी पिळा, धुऊ नका. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात आणखी काही तास. दरम्यान सालं बुडतील एवढ्या पाण्यात तासभर उकळा आणि गाळा. त्या पाण्यात कापड घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा, अधूनमधून काठीने हलवत राहा, आणि तसंच गार होऊ द्या. पिवळट-सोनेरीपासून तपकिरीपर्यंत काहीही निघतं, दोन वेळा सारखं निघत नाही. डोंगराला तेच हवं.

त्यातलं अर्धं कापड गंजाच्या पाण्यात बुडवा. गंजलेले खिळे पंधरा दिवस व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवले की ते पाणी तयार होतं. बादलीभर पाण्यात त्याचे दोन-तीन चमचे पुरतात. सोनेरी कापड बघता बघता काळपट हिरवं होतं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा शेजारणीला हाक मारून बोलावलं होतं. डाळिंबाची सालं असतील तर त्यांना हिरडा लागत नाही, आणि गंजाच्या पाण्यात ती राखाडी होतात. कातळाला यापेक्षा चांगला रंग मला अजून सापडलेला नाही.

हळद टाळा. दिसते सुंदर, उन्हात चार दिवसांत उडते. आणि रंगाचं पातेलं कायमचं वेगळं ठेवा, त्यात परत वरण नाही.

४. चित्र ठरवा: कमी आणि मोठं

नवशिक्याला मोर हवा असतो. माहीत आहे मला, येवल्याच्या पैठणीवरचा मोर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलाय. पण तो रेशमाच्या बारीक धाग्याने विणलेला असतो आणि तुमची पट्टी सेंटिमीटरभर रुंद आहे. दोन सेंटिमीटरपेक्षा बारीक जे काही असेल ते गालिच्यात हरवतं. चोच, पाय, देठ, सगळं.

म्हणून पहिलं चित्र डोंगराचं करा. त्र्यंबक रस्त्याने जाताना ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी नीट बघा. काळा कातळ, मग गवताची हिरवी पट्टी, परत कातळ, परत हिरवी पट्टी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्याच्या या पायऱ्या. भूगर्भवाले या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि यातला ट्रॅप हा शब्द जिना अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लूपही आपण ओळीनेच भरतो. डोंगर आधीच ओळीत आखलेला, गालिचा ओळीत भरायचा. ओळ वाकडी गेली तर ती चूक न वाटता खडक वाटते. नवीन माणसाला आणखी काय हवं?

सप्टेंबरात जा. जुलैत डोंगर ढगात असतो आणि तुम्ही भजी खाऊन परत येता. सप्टेंबरात अंजनेरीच्या उतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, मधे मधे तेरड्याचा गुलाबी. फोटो काढा आणि मोबाईलमध्येच तो काळा-पांढरा करून बघा. त्यात डोंगर आणि आभाळ वेगळे दिसत नसतील तर गालिच्यातही दिसणार नाहीत, मग रंग कितीही वेगळे असोत.

कागदावर पाचच आकार काढा: आभाळ, कातळ, गवत, फुलांचा उतार, खालची शेतं. प्रत्येकावर त्या त्या रंगाची चिंधी टाचणीने लावा. माझा आग्रह आहे की रंग विकत आणू नका. निळा टी-शर्ट नसेल तर आभाळ राखाडी करा. नाशिकचं आभाळ पावसाळ्यात राखाडीच असतं.

नांदूर मध्यमेश्वर दुसऱ्या गालिच्यासाठी ठेवा. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. पाणी, गवत, पाणी असे आडवे पट्टे तिथेही मिळतात, आणि लांबचा पक्षी म्हणजे पांढऱ्या पट्टीचे फक्त पाच-सहा लूप.

५. तरट ताणा आणि आखा

चित्र ३५ × ५० सेंमीचं. चारी बाजूंनी १२ सेंमी तरट जास्त सोडा. कापायच्या आधी कडेचा एक धागा ओढून काढा, जी रेघ पडते तिच्यावरून कात्री चालवा, म्हणजे तुकडा तिरका येत नाही. कडा मशीनवर झिगझॅग मारून घ्या.

चौकटीवर बसवताना आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक थंबटॅक, मग कोपऱ्यांकडे. बोटाने वाजवलं तर हलगीसारखा आवाज यायला हवा. दोन-तीन दिवसांनी सैल पडतं, परत ताणा. सैल तरटावर काम केलंत तर लूप कमी-जास्त उंचीचे येतात.

चित्राचा चौकोन आखायला पट्टी नको. मार्करचं टोक दोन धाग्यांमधल्या खाचेत ठेवून अलगद ओढा, ते आपोआप सरळ जातं. मग त्यात कागदावरचे पाच आकार मार्करने काढा. पेनाची शाई वापरू नका, शेवटी वाफ देताना ती वर फुटते.

६. पट्ट्या कापा

टी-शर्टच्या १ ते १.५ सेंमी, साडीच्या २ सेंमी. लांबी हातभरच ठेवा, जास्त लांब पट्टी खाली गुंतते. साडी कापू नका, टोकाला छेद देऊन फाडा. ती धाग्याला धरून सरळ फाटते. हे काम गॅलरीत आणि नाकाला रुमाल बांधून करा. मी दिवाणखान्यात केलं होतं, पंख्यावर आठवडाभर गुलाबी तुस होतं.

७. लूप ओढा

उजव्या हातात सुई, तरटाच्या वर. डाव्या हातात पट्टी, तरटाच्या खाली, अंगठा आणि तर्जनीत सैल धरलेली. भोकातून सुई खाली घाला, पट्टी अडकवा आणि तिचं टोक दोन-तीन सेंटिमीटर वर काढा. आता एक-दोन धागे सोडून पुढच्या भोकात सुई घाला आणि या वेळी लूप वर आणा, साधारण ७-८ मिमी उंच. ओढताना सुई आधीच्या लूपकडे किंचित झुकवा, नाहीतर तो सुटून खाली जातो. पहिले पन्नास लूप हमखास सुटतात. चिडू नका, चहा घ्या.

पट्टी संपली की तिचं टोकही वर काढा, आणि नव्या पट्टीचं टोक त्याच भोकातून आणा. टोकं लूपच्या उंचीला छाटून टाका, ती दिसत नाहीत. गाठ कुठेच मारायची नाही.

इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, दाटी. प्रत्येक भोकात लूप घातला की गालिचा वाटीसारखा वर येतो. माझा पहिला असाच गेला. एक भोक भरा, एक-दोन सोडा. वरून तरट दिसत नसेल तर पुरे झालं.

दुसरी, खालून उड्या. हिरवी पट्टी इथे संपली आणि पुढचा हिरवा भाग चार बोटांवर आहे म्हणून खालून पट्टी ओढून नेऊ नका. कापा आणि नव्याने सुरू करा. मागची बाजू धावदोऱ्यासारखी सपाट दिसायला हवी. हात फिरवा, गाठोडं लागलं तर तेवढं उसवा. उसवणं सोपं असतं, एक टोक ओढलं की सगळं निघतं.

तिसरी, क्रम. डोंगराची कड आधी एका ओळीने भरा, मग आतलं, आभाळ शेवटी. कातळाच्या ओळी आडव्या, गवताच्या उताराबरोबर तिरक्या. आभाळाची ओळ डोंगराच्या कडेला समांतर ठेवली तर ते हलल्यासारखं दिसतं. सोनकीसाठी तीन वेगवेगळे पिवळे मिसळा: कांद्याचा एक, टी-शर्टाचा एक, जुन्या ओढणीचा एक. एकाच पिवळ्याने भरलं तर उतारावर हळदीचा डबा सांडल्यासारखा दिसतो.

रोज तासभर बसलात तर या मापाला महिना-दीड महिना लागतो. एका बैठकीत जास्त ओढू नका, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होतं आणि ते लवकर जात नाही.

८. कड बसवा

चौकटीवरून काढा, पालथा करा, ओलं कापड पसरून त्यावर गरम इस्त्री दाबा आणि उचला. घासू नका. रात्रभर सपाट वाळू द्या. बारीकसा फुगवटा असेल तर इथे बसतो. वाटी झाली असेल तर बसत नाही, लूप उसवून विरळ करावे लागतात.

मग लूपांपासून दीड सेंटिमीटरवर मशीनच्या दोन टिपा मारा, चार-पाच सेंटिमीटर ठेवून बाकी तरट कापा, मागे दुमडा आणि वरून साडीचा काठ हाताने शिवून टाका. इरकली काठ फार छान बसतो, मजबूतही असतो. कोपरे लिफाफ्यासारखे दुमडा. मागे फेव्हिकॉल किंवा रबराचं सोल्युशन फासायचा मोह होईल. ते कडक होऊन तडकतं, आणि पुढे दुरुस्ती करता येत नाही. मागे अस्तरही नको, आत गेलेली माती तिथेच अडकते.

९. वापर आणि निगा

मोरीच्या किंवा बाथरूमच्या दाराशी टाकू नका. ताग ओला राहिला की कुजतो. वॉशिंग मशीनमध्ये तर नाहीच. झटकूही नका, तरटाचे धागे तुटतात. रात्री गालिचा फरशीवर पालथा घाला, त्यावरून दोन-चार वेळा चाला आणि सकाळी उचला. खाली मातीची रांगोळी पडलेली असते. डाग पडला तर रिठ्याच्या पाण्यात फडकं पिळून तेवढंच टिपा.

पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचा असेल तर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर लूप दाबले जातात आणि मागचं तरट ताणतं. प्लास्टिकऐवजी उशीचा जुना अभ्रा घाला, त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला.

जमिनीवर टाकायचा की भिंतीवर लावायचा हे मात्र चित्र काढायच्या आधी घरात विचारा. मी विचारलं नव्हतं. गालिचा पुरा झाल्यावर हौसेने देवघरासमोर अंथरला. सासूबाई दारातच थांबल्या. "अगं, गंगा उगवते त्या डोंगरावर पाय कसा द्यायचा?" ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, आणि आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. मग काठाच्या मागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवली, त्यात पडद्याचा जुना रॉड घातला आणि दोन खिळ्यांवर टांगला. नळी दोन्ही टोकांना चित्रापेक्षा बोटभर आखूड ठेवा, म्हणजे रॉड समोरून दिसत नाही. देवघरासमोर आता उरलेल्या पट्ट्यांच्या वेणीची साधी गोल चकती आहे. तिच्यावर कुणीही पाय देतं.